सभागृहाचे मौन : नियम, खर्च आणि धारासभा

बडोद्याच्या मराठी घरांतील वडीलधारी मंडळी कायदेमंडळाला अजूनही 'धारासभा' म्हणतात. शब्द गुजरातीच्या सहवासातून आलेला. त्या भाषेत 'धारो' म्हणजे कायदा. परंतु मराठी कानाला त्यात आणखी एक अर्थ ऐकू येतो. जुन्या मराठीत 'धारा' म्हणजे जमिनीवरील ठरीव सारा. एकाच शब्दात कायदा आणि कर असे शेजारी येऊन बसावेत हा भाषेतील केवळ योगायोग असेल. तथापि लोकप्रतिनिधींच्या सभांचा इतिहास चाळला की तो योगायोग अर्थपूर्ण वाटू लागतो. आमच्या संमतीवाचून राजाने आमच्याकडून पैसा घेऊ नये, या एका हट्टावर या सभा वाढल्या. इंग्लंडात १६८९ च्या अधिकारपत्राने हा हट्ट लेखी झाला, अमेरिकेतील वसाहतींनी त्यावरूनच बंड पुकारले, आणि आपल्या संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदातही कायद्याच्या आधारावाचून कर बसवता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे.

कराचा प्रश्न असा सुटला. पण पैसा नेण्याची वाट एकच नसते. समजा, सरकारने एक पैचाही कर वाढवला नाही. फक्त एका खात्याने राजपत्रात नियम छापला की प्रत्येक गिरणीने धुराड्यावर अमुक यंत्र बसवावे, किंवा प्रत्येक शुश्रूषागृहाने अमुक क्षमतेचे जनित्र ठेवावे. सरकारी तिजोरीत एक रुपयाही जमा होत नाही, पण गिरणीवाल्याच्या आणि शुश्रूषागृहाच्या गल्ल्यातून लाखो रुपये निघून जातात, आणि अखेर ते कापडाच्या भावात व खाटेच्या भाड्यात उतरतात. हा कर नव्हे. पण देणाऱ्याच्या खिशाला त्यातील फरक कळत नाही. मग या खर्चाला संमती कोणी दिली? कोणत्या सभागृहात त्यावर मत घेतले गेले? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. त्यासाठी वाचकांना बरीचशी वाटचाल अमेरिकेतील घटकराज्यांतून करावी लागेल, कारण खर्चाच्या बाजूने हा प्रश्न तेथील राज्यांनी जितक्या ईर्ष्येने लढवला तितका इतरत्र क्वचितच लढवला गेला आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कायदेमंडळ करते तो अधिनियम. त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकारी खाते किंवा मंडळ करते तो नियम. अधिनियम म्हणतो, 'पाणी स्वच्छ असावे'. स्वच्छ म्हणजे किती, कोणत्या पदार्थाचे किती अंश, तपासणी किती दिवसांनी, हे सारे नियम सांगतो. तपशील नियमात असतो आणि खर्चही बहुधा तपशीलातच असतो. अशा नियमरचनेला आपल्याकडे उपविधान म्हणतात. ती टाळता येणार नाही. पाचशे सभासदांच्या सभागृहाने बाष्पपात्राच्या झडपेची जाडी ठरवत बसावे अशी अपेक्षा कोणीही करणार नाही.

तरीही ही सत्ता हातची गेल्याची हुरहूर कायदेमंडळांना फार जुनी आहे. इंग्लंडात १५३९ साली आठव्या हेन्रीने आपल्या घोषणांना कायद्याचे बळ देणारा अधिनियम पार्लमेंटकडूनच करवून घेतला. राजा निवर्तल्यावर १५४७ साली तो अधिनियम रद्द झाला, परंतु नाव मात्र टिकले. मंत्र्याला नियमाच्या आधारे मूळ अधिनियमच फिरवण्याची मुभा देणाऱ्या कलमाला तेथील वकीलवर्ग आजही 'आठव्या हेन्रीचे कलम' म्हणून ओळखतो. पुढे १९२९ साली खुद्द सरन्यायाधीश लॉर्ड हेवर्ट यांनी 'द न्यू डेस्पॉटिझम' हे पुस्तक लिहून खात्यांच्या वाढत्या सत्तेवर कडाडून टीका केली. त्या सुमारास नेमलेल्या डोनोमोर समितीने १९३२ साली अहवाल दिला तो मात्र शांत स्वराचा होता. नियम करण्याची सत्ता खात्यांकडे राहणार, तिच्यावर पार्लमेंटची नजर असावी, असा त्याचा सारांश. त्या विचारातून १९४६ चा अधिनियम आला. त्यानुसार बहुसंख्य नियमांसाठी ठरलेली रीत अशी : नियम सभागृहाच्या पटलावर ठेवायचा, चाळीस दिवसांत सभागृहाने तो रद्द करण्याचा ठराव केला तर तो गेला, नाहीतर राहिला.

या रीतीचे मर्म शेवटच्या तीन शब्दांत आहे. सभागृह काही बोलले नाही तर नियम राहतो. मौन म्हणजे संमती, हे आपल्याकडील जुने वचन वेस्टमिन्स्टरने असे कामकाजात उतरवले. आणि सभागृहे बहुतेक वेळा मौनच पाळतात. कॉमन्स सभेने अशा रीतीने नियम रद्द केल्याचे जे उदाहरण नेहमी दिले जाते ते १९७९ चे, पॅराफिनच्या, म्हणजे आपल्या रॉकेलच्या, कमाल किमतीसंबंधीच्या आदेशाचे. त्यानंतरच्या दशकांत दुसरे उदाहरण शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. दरवर्षी हजारो नियम पटलावरून जातात. पटल तेवढे झिजते.

भारताने हीच रीत घेतली, पण तिच्या पाठीशी एक समिती उभी केली. तिचे श्रेय ज्यांच्याकडे जाते ते गणेश वासुदेव मावळंकर आपल्या या शहरात, बडोद्यात, १८८८ साली जन्मले. अहमदाबादेत वकिली, मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद आणि पुढे पहिल्या लोकसभेचे अध्यक्षपद हा त्यांचा प्रवास आपल्या वाचकांस परिचित आहे. कार्यकारी सत्तेपुढे सभागृहाची प्रतिष्ठा राखण्याविषयी दादासाहेब किती दक्ष होते हेही सर्वश्रुत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या दिल्ली कायद्यांच्या प्रकरणात असे मत दिले होते की कायदेमंडळाने आपले मूलभूत कर्तव्य, म्हणजे धोरण ठरवण्याचे काम, दुसऱ्याच्या गळ्यात घालता कामा नये. पण धोरण कोठे संपते आणि तपशील कोठे सुरू होतो हे रोजच्या रोज पाहणार कोण? त्यासाठी मावळंकरांनी डिसेंबर १९५३ मध्ये लोकसभेची उपविधान समिती स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद विरोधी बाकांवरील नि. चं. चटर्जी यांच्याकडे सोपवले. सरकारचे नियम तपासणाऱ्या समितीवर सरकारपक्षाचाच माणूस बसवण्यात अर्थ नव्हता. पुढे राज्यांच्या विधानमंडळांतही अशा समित्या आल्या.

या समितीने नियमात काय पाहावे याची यादी लोकसभेच्या कार्यपद्धतीत दिली आहे. नियम मूळ अधिनियमाच्या हेतूशी जुळतो का, त्यात कर बसवला आहे का, न्यायालयाचा दरवाजा बंद केला आहे का, मागील तारखेपासून तो लागू केला आहे का, सरकारी तिजोरीतून खर्च होणार आहे का, दिलेल्या अधिकाराचा अनपेक्षित वापर झाला आहे का, इत्यादी. यादी चांगली आहे. परंतु ती बारकाईने वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. कराचा प्रश्न त्यात आहे, तिजोरीचा आहे; नागरिकाच्या स्वतःच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही. गिरणीवाल्याचे यंत्र आणि शुश्रूषागृहाचे जनित्र या यादीच्या चाळणीतून सहज खाली जातात.

अमेरिकेतील राज्यांनी नेमके येथेच बोट ठेवले, अर्थात एकदम नव्हे. कॅन्सस राज्याने १९३९ सालीच नियम विधिमंडळापुढे आणण्याची सोय केली. युद्धानंतर राज्या-राज्यांत नियम तपासणाऱ्या संयुक्त समित्या निघाल्या, आणि त्यांनी हळूहळू एक धारदार हत्यार हस्तगत केले. ते म्हणजे विधिमंडळाचा नकाराधिकार. खात्याने केलेला नियम एखादी समिती किंवा एखादे सभागृह नुसत्या ठरावाने रद्द करू लागले. राज्यपालाची सही नको, दोन्ही सभागृहांची संमती नको. खात्यांना ते खुपले आणि प्रकरणे न्यायालयात गेली. अलास्कात १९८० साली, वेस्ट व्हर्जिनियात १९८१ साली, न्यू जर्सीत १९८२ साली तेथील न्यायालयांनी हे हत्यार घटनाबाह्य ठरवले. कायदा बदलायचा असेल तर कायदा करण्याच्याच वाटेने जा, असा त्यांच्या निर्णयांचा रोख होता.

१९८३ साली केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, तेही भारतीय वंशाच्या एका माणसाच्या निमित्ताने. केनियात जन्मलेले जगदीश राय चढ्ढा शिक्षणासाठी ओहायोत आले होते. परवान्याची मुदत उलटल्यावर त्यांना देशाबाहेर पाठवण्याची कार्यवाही सुरू झाली. पुढे ती स्थगित झाली. आणि १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने एका ठरावाने ती स्थगितीच रद्द केली. न्यायालयाने ठरवले की एकट्या सभागृहाला असा अधिकार नाही. या एका निर्णयाने जवळजवळ दोनशे अधिनियमांतील तशा तरतुदी डळमळल्या. चढ्ढा अमेरिकेतच राहिले.

एका राज्याने मात्र वेगळा सूर लावला. आयडाहोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली म्हटले की नियम म्हणजे कायदा नव्हे. तो विधिमंडळाच्या मेहरबानीवर जगतो, म्हणून विधिमंडळ तो ठरावाने नाकारू शकते. आणि कनेक्टिकट राज्याने तर १९८२ सालीच घटनादुरुस्ती करून विधिमंडळाच्या समितीला हा अधिकार देऊन टाकला होता. (सयाजीराव महाराजांनी १९१० साली ज्यांना बोलावून बडोदे संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसवली ते विल्यम बोर्डन याच राज्यातील. हा संबंध दूरचा खरा; पण ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात त्यांचे नाव न घेता पुढे जाणे बरे नव्हे.)

न्यायालयांनी दार बंद केले तेव्हा वेस्ट व्हर्जिनियाने खिडकी शोधली. समितीने नियम रद्द करणे चालत नाही ना? मग नियम आपोआप लागूच होऊ नये. विधिमंडळाने रीतसर विधेयक संमत करून परवानगी द्यावी, राज्यपालाने सही करावी, मगच तो अंमलात यावा. ही कल्पना साधी होती, पण तिने सारा डाव उलटा केला. आता सभागृह गप्प राहिले की नियम मरू लागला. मौनाचा अर्थ संमती होता, तो नकार झाला.

या उलट्या डावाला खर्चाची कसोटी जोडून फ्लोरिडाने २०१० साली कायदा केला. राज्यपाल चार्ली क्रिस्ट यांनी तो नाकारला. विधिमंडळाने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात नकाराधिकारावर मात करून तो पुन्हा संमत केला. तरतूद थोडक्यात अशी : नियमामुळे आर्थिक वाढीवर, रोजगारावर वा धंद्याच्या स्पर्धाशक्तीवर पडणारा भार, अथवा नियम पाळण्याचा खर्च, अंमलानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत दहा लाख डॉलरांहून अधिक होण्याचा संभव असेल, तर विधिमंडळाने अनुमती दिल्याखेरीज तो अंमलात येणार नाही. आकडा कानाला मोठा वाटतो, म्हणून त्रैराशिक मांडून पाहू. पाच वर्षांत दहा लाख म्हणजे वर्षाला दोन लाख. त्या सुमारास फ्लोरिडाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८८ लाख होती. म्हणजे दरडोई दरसाल साधारण एक सेंट! पाणी, रुग्णालये, बांधकाम, विमा यांविषयीचा जो नियम खऱ्या अर्थाने काही बदलू पाहतो तो या उंबरठ्याला अडखळणारच. शिवाय फ्लोरिडाच्या विधिमंडळाचे नियमित अधिवेशन वर्षाकाठी साठ दिवसांचे. अधिवेशन संपल्यावर तयार झालेल्या नियमाने पुढच्या अधिवेशनाची वाट पाहत बसायचे.

या कायद्याची खरी परीक्षा २०१७ साली झाली. त्या सप्टेंबरात इर्मा नावाचे चक्रीवादळ फ्लोरिडावर आदळले. हॉलिवूड नावाच्या शहरात (चित्रपटांच्या हॉलिवूडशी त्याचा संबंध नाही) एका शुश्रूषागृहाची वातानुकूलन यंत्रणा विजेअभावी बंद पडली. दिवे होते, पंखे होते, खाटेखाटेवर वृद्ध माणसे होती, आणि बाहेर फ्लोरिडाचा सप्टेंबर होता. तिसऱ्या दिवशी इमारत रिकामी करण्यात आली तोवर उशीर झाला होता. बारा वृद्धांचे मृत्यू या उष्म्यामुळे घडले असा निष्कर्ष पुढे निघाला. रस्त्यापलीकडे रुग्णालय होते, हे वाचताना मन अस्वस्थ होते.

राज्यपाल रिक स्कॉट यांनी लगेच तातडीचे नियम काढले. प्रत्येक शुश्रूषागृहाने व वृद्धनिवासाने साठ दिवसांत जनित्र व इंधन यांची सोय करावी, वीज गेल्यावरही चार दिवस तापमान मर्यादेत राहिले पाहिजे. तातडीच्या नियमांना विधिमंडळाच्या अनुमतीची अट नव्हती. परंतु संस्थाचालकांच्या संघटनांनी आव्हान दिले, आणि ऑक्टोबरात प्रशासकीय न्यायाधीशांनी हे नियम अवैध ठरवले. साठ दिवसांत इतक्या संस्थांना जनित्रे मिळणे आणि बसवणे शक्य नाही, असे चालकांचे म्हणणे होते. ते सर्वस्वी खोटे म्हणता येत नाही. मोठ्या शुश्रूषागृहाला जे झेपते ते सहा खाटांच्या घरगुती वृद्धनिवासाला झेपत नाही. त्याने दार बंद केले तर तेथील म्हाताऱ्यांनी जायचे कोठे?

मग कायमचे नियम तयार झाले. वीज गेल्यानंतर ९६ तास तापमान ८१ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे २७ अंश सेल्सियसच्या) वर जाऊ नये अशी त्यांतील मुख्य अट. खर्चाचा अंदाज निघाला तो शुश्रूषागृहांसाठी पाच वर्षांत दहा कोटी डॉलरांहून अधिक आणि वृद्धनिवासांसाठी वीस कोटींहून अधिक. दहा लाखांचा उंबरठा कितीतरी मागे राहिला होता. तेव्हा दोन्ही नियम २०१८ च्या अधिवेशनापुढे गेले. लोकप्रतिनिधींना सर्वांसमक्ष हात वर करून सांगावे लागले की हा खर्च आम्हांला मान्य आहे. दोन्ही नियमांना अनुमती मिळाली आणि मार्चमध्ये राज्यपालांच्या सह्याही झाल्या.

या घटनेकडे दोन बाजूंनी पाहता येते आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. कायद्याचे समर्थक म्हणतील, पाहा, यंत्रणा चालली. तीस कोटींचा बोजा एका खात्याच्या टेबलावरून नव्हे, तर निवडून आलेल्या सभागृहांतून लोकांवर पडला. उद्या भाडे वाढले तर जाब कोणाला विचारायचा हे लोकांना ठाऊक आहे. हा मुद्दा मला मोलाचा वाटतो. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनुमती मिळाली ती बारा मृत्यू साऱ्या देशाच्या डोळ्यांपुढे असताना. वादळ येण्यापूर्वी एखाद्या दूरदर्शी अधिकाऱ्याने हाच नियम मांडला असता तर? त्याच्या अंदाजपत्रकात जनित्राची किंमत डॉलरांत लिहिली गेली असती. न घडलेल्या मृत्यूंची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची? दहा लाखांचा उंबरठा खर्चाने ओलांडला जातो. लाभ कितीही मोठा असला तरी तो उंबरठा खाली येत नाही. आणि अशा नियमाला मारण्यासाठी कोणाही सभासदाला विरोधी भाषण करावे लागत नाही, विरोधी मत द्यावे लागत नाही. विधेयक कार्यक्रमपत्रिकेवर आले नाही की काम झाले. ज्या कायद्याचा हेतू जबाबदारी उजेडात आणण्याचा, त्याच कायद्याने जबाबदारी अंधारात टाळण्याचीही सोय करून ठेवली आहे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप खर्च मोजण्यावर नाही, मौनाला मत मानण्यावर आहे. खर्चिक नियम सभागृहापुढे जरूर यावा. पण आल्यावर ठरावीक मुदतीत त्यावर होय की नाही असे मत नोंदवलेच पाहिजे, अशी अट त्या कायद्यात असती तर तो अधिक प्रामाणिक झाला असता.

मौन कोणत्या थराला जाऊ शकते हे आयडाहोने २०१९ साली दाखवले. तेथील तेव्हाची रीत अशी होती की राज्याचे सर्व प्रशासकीय नियम दरवर्षी मुदतबाह्य होत आणि विधिमंडळ एका विधेयकाने त्यांना वर्षभराचे आयुष्य देई. नियम नाकारण्याचा अधिकार तेथील मतदारांनी २०१६ साली घटनेतच घातला होता. २०१९ च्या वसंतात दोन्ही सभागृहांत नियमांच्या मंजुरीच्या पद्धतीवरूनच तंटा झाला, आणि ते विधेयक संमत न करताच अधिवेशन संपले. राज्याची सारी नियमसंहिता, सुमारे ८,२०० पृष्ठे, जूनअखेर गतप्राण होणार होती. ती पुन्हा जिवंत करण्याचे काम ओघानेच राज्यपाल ब्रॅड लिटल यांच्याकडे आले. त्यांनी हवे ते नियम तात्पुरते म्हणून पुन्हा काढले आणि अनेक प्रकरणे गाळून टाकली. कार्यकारी सत्तेला लगाम घालण्यासाठी बनवलेल्या यंत्राने एका उन्हाळ्यापुरती तिच्याच हाती कात्री दिली.

फ्लोरिडाची कल्पना दरम्यान इतरत्रही पसरली. विस्कॉन्सिनने २०१७ साली, कोणत्याही दोन वर्षांत एक कोटी डॉलरांहून अधिक खर्च लादणारा नियम विधेयकाखेरीज पुढे जाऊ नये असा अधिनियम केला. त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये नियम अडवून धरण्याचा विधिमंडळाच्या संयुक्त समितीचा अधिकार घटनाबाह्य ठरवला. खर्चाच्या उंबरठ्याची तरतूद त्या निर्णयाचा विषय नव्हती. १९३९ साली वाट दाखवणाऱ्या कॅन्ससने २०२४ मध्ये राज्यपालांचा नकाराधिकार ओलांडून खर्चिक नियमांसाठी विधिमंडळाची अनुमती आवश्यक केली. वॉशिंग्टनमध्ये मात्र १९९६ चा अधिनियम आजही जुन्या धाटणीचा आहे. काँग्रेसने विरोधी ठराव संमत केला आणि अध्यक्षांनी त्यावर सही केली तरच नियम रद्द होतो. ती गप्प राहिली तर तो टिकतो. हा कायदा प्रथम वापरला गेला २००१ साली, कामगारांच्या शरीरावर पडणाऱ्या ताणासंबंधीच्या नियमाविरुद्ध.

आपल्याकडे खर्चाचा विचार अगदीच झाला नाही असे नव्हे. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने कायदेपूर्व सल्लामसलतीचे धोरण ठरवले. त्यानुसार अधिनियमांचे आणि नियमांचेही मसुदे किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावेत, आणि त्यांसोबत आर्थिक परिणाम तसेच लोकांच्या जीवनावर व उपजीविकेवर होणारे परिणाम सांगावेत अशी अपेक्षा आहे. मात्र हे धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि तो हिशेब मागतो तो खात्याने खात्याकडूनच. मावळंकरांच्या समितीपुढे नियम येतो तो राजपत्रात छापून झाल्यावर, आणि तिच्या यादीत नागरिकाच्या खिशाचा रकाना अद्याप उघडलेला नाही.